गाठीच्या जनुकांत काय लिहिलंय?

श्रोतेहो, नमस्कार. कॅन्सरचा रिपोर्ट हातात आला, की घरातलं कुणीतरी डॉक्टरांना बाजूला घेऊन हळूच विचारतं, "किती दिवस?" मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरात याचं उत्तर बरीच वर्षं मिलिमीटरमध्ये दिलं जायचं. गाठ कातडीत जितकी खोल, तितका धोका जास्त, हे अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकी डॉक्टरांनी 1970 साली दाखवलं. आजही पहिलं मोजमाप तेच. पण एक मिलिमीटरहून पातळ गाठीचे बहुतेक रुग्ण बरे होत असताना काहींचा आजार मात्र पसरतो. म्हणून गाठीच्या जनुकांकडे वळावं लागलं.

2002 साली इंग्लंडमधल्या सँगर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांना मेलॅनोमात बीरॅफ जनुकातला बदल सापडला. गोऱ्या लोकांच्या जवळपास निम्म्या मेलॅनोमांत तो असतो. पेशीला वाढायला सांगणारं बटण जणू चालूच अडकून बसतं. 2011 मध्ये नेमकं हे बटण बंद करणारं औषध अमेरिकेत मंजूर झालं. पुढे डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब ही दोन औषधं एकत्र दिलेल्या, बीरॅफचा बदल असलेल्या आणि आजार पसरलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश पाच वर्षांनीही हयात होते. पूर्वी असे बहुतेक रुग्ण वर्षभरात जायचे! जनुकातली खूण तीच, पण औषध आल्यावर तिचा अर्थ पालटला. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. शिवाय अशी खूण शेकडो रुग्णांचा अंदाज सांगते, तुमच्या एका माणसाची तारीख नाही.

आता आपल्याबद्दल. आपल्याकडे मेलॅनोमा पुष्कळदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो. कुरूप असेल, रक्त साकळलं असेल, असं म्हणून महिनेच्या महिने जातात. या प्रकारात बीरॅफचा बदल कमी आढळतो, काहींत किट नावाच्या जनुकातला बदल सापडतो आणि त्यावरही औषधं आहेत. भविष्य सांगणाऱ्या जनुक-चाचण्या मात्र मुख्यतः गोऱ्या रुग्णांवर तयार झाल्या आहेत. परदेशी चाचणीचा आकडा पाहून हबकू नका, तो आपल्या रुग्णाला कितपत लागू पडतो हे डॉक्टरांना विचारा.

आणि बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे तपासणीसाठी काढून मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, जपून ठेवा. जनुकांची तपासणी त्यावरूनच होते, वर्षभरानंतरसुद्धा. दुसऱ्या दवाखान्यात जाताना रिपोर्टबरोबर ब्लॉक आणि स्लाइडही मागून घ्या.