कमी दिवसांचं बाळ आणि सहा सेकंदांची वाट

(दृश्य: एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. आईच्या उघड्या छातीवर टोपी घातलेलं बाळ. मॉनिटरचा मंद आवाज.)

निवेदन :
हे बाळ तिसाव्या आठवड्यात जन्मलं. सदतीस आठवडे भरायच्या आत जन्मलेल्या बाळाला कमी दिवसांचं म्हणतात. जगात दर दहा बाळांमागे साधारण एक बाळ असं असतं. पस्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या दोन तृतीयांशच भरतं. उरलेली वाढ पोटात व्हायची, ती होते दिव्यांच्या उजेडात, अलार्मच्या आवाजात आणि सुयांच्या टोचणीत.

(दृश्य : बाळाचा चेहरा, अगदी जवळून.)

बाळाने डोळे उघडलेत. आई २०-२५ सेंटिमीटरवरून त्याच्याकडे बघते, हलक्या आवाजात हाक मारते. बाळ स्तब्ध. चार सेकंद जातात, पाच, सहा... आणि मग ओठांचा चंबू होतो.

हे त्याचं उत्तर. घरोघरी ते निसटतं, कारण दुसऱ्याच सेकंदाला आपण पुन्हा हाक मारतो, गालाला हात लावतो, खुळखुळा वाजवतो. पहिल्याचं उत्तर जुळून येत असतानाच त्याच्यावर दुसरं काहीतरी येऊन आदळतं. म्हणून एका वेळी एकच गोष्ट : चेहरा, आवाज किंवा स्पर्श. आणि मनात सावकाश दहापर्यंत आकडे.

(दृश्य : बाळाच्या हाताची बोटं ताठ पसरतात. मान वळते.)

बोटं फाकली, जांभई आली, उचकी लागली, नजर दुसरीकडे गेली, की त्याला पुरे झालंय. अशा वेळी ‘इकडे बघ ना’ म्हणत चेहरा पुन्हा त्याच्यासमोर नेणं प्रेमापोटीच होतं, पण बाळ त्याने आणखी थकतं. गप्प राहून नुसता हात टेकवून ठेवा. दमल्यावर सोडवणूक होते हे त्याला कळलं, तर पुढच्या वेळी ते अधिक वेळ टिकतं.

बाळाला उघड्या छातीशी धरण्याची ही कांगारू पद्धत १९७८मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, तेव्हा तिथे बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या. आज जागतिक आरोग्य संघटना दिवसाचे ८ ते २४ तास सांगते. बाबा, आजी, कुणीही पाळी घ्यावी. एका बैठकीला निदान तासभर हवा, नाहीतर उचलण्या-ठेवण्यातच बाळाची झोप मोडते. डोकं एका कुशीला, हनुवटी किंचित वर. हनुवटी छातीवर टेकली तर श्वासाची वाट दबते.

(दृश्य : घर. भिंतीवरचं कॅलेंडर.)

वय मोजतानाही चूक होते. तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या वयातून १० आठवडे वजा करायचे. कॅलेंडरवर सहा महिने झाले, तरी विकास बघायचा साधारण पावणेचार महिन्यांचा. हा हिशेब दोन वर्षांपर्यंत. लसी मात्र साधारणपणे जन्मतारखेनुसारच. हे सांगितलं नाही, तर शेजारचं बाळ बसायला लागलं म्हणून घरात विनाकारण रडारड होते.

(दृश्य : लाकडी ठोकळ्यांचं कोडं. मुलाचा हात, त्यावर मोठ्या माणसाचा हात.)

दोन वर्षांच्या मुलाला ‘हा उचल, इथे बसव’ असं सांगणं उपयोगी पडतं, त्याचं लक्ष टिकतं. साडेतीन-चार वर्षांनंतर तीच सूचना आड येते, कारण पुढचा ठोकळा कुठला हे ठरवण्याचं काम मोठ्यांनीच केलेलं असतं. मरता मरता वाचलेल्या लेकराकडून काही करवून घ्यायचं नाही, ही भीती समजण्यासारखी आहे. पण ‘आता कुठे ठेवूया?’ विचारून थांबलं, तर ते स्वतः शोधतं. ठोकळा उलटा बसला तरी चालेल.

आईला यात दोषी धरू नये. बाळाच्या मेंदूत मोठा रक्तस्राव झाला असेल, तर घरच्यांनी कितीही केलं तरी काही अडचणी राहतात. शिवाय एनआयसीयूतून घरी आलेल्या आयांमध्ये नैराश्य अधिक दिसतं, आणि खिन्न आईला बाळाचे बारीक इशारे दिसत नाहीत. तिला झोप आणि उपचार मिळवून देणं हाही बाळाच्या उपचारांचाच भाग धरावा.

(दृश्य : वर्ग. फळ्यावरची बेरीज, मुलगा फळ्याकडे बघतोय.)

अशा मुलांचं शाळेत अडतं ते बहुधा गणितात, लक्ष टिकवण्यात आणि लिहिण्याच्या वेगात. बाई तीन सूचना एकदम देतात, पहिली त्याच्या लक्षात राहते, उरलेल्या दोन हवेत. प्रवेशाच्या वेळीच वर्गशिक्षिकेला जन्माचा आठवडा सांगावा आणि दोन गोष्टी मागाव्यात : एका वेळी एकच सूचना, आणि प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद.