वेदीपाशी आठवलेला भाऊ

रविवारची उपासना संपवून चर्चमधून बाहेर पडताना आपण एकमेकांना विचारतो, "कशी झाली आज?" उत्तरंही ठरलेली. संदेश लांबला, गाणी छान झाली, आज काही मिळालं नाही. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण हा 'मिळालं' शब्द मला खटकतो. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली 120 ते 134 ही 15 आरोहणस्तोत्रं यरुशलेमेला सणासाठी चढून जाणारे यात्रेकरू गात, असं मानतात. चला, परमेश्वराच्या घरी जाऊ, एवढी हाक कानी पडली तरी 122व्या स्तोत्रातला माणूस हरखून जातो. आत काय मिळेल याचा हिशेब त्या आनंदात नाही.

आता मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 5वा अध्याय काढा, वचनं 23 आणि 24. वेदीपाशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी समेट कर, मग ये. हे आपण भरभर वाचून पुढे जातो. पण येशू बोलत होता गालीलात, आणि वेदी होती यरुशलेमेत! जवळच्या वाटेनंही तीन-एक दिवसांची पायपीट. म्हणजे अर्पण तसंच ठेवून गावी परत जायचं, भावाचं दार ठोठवायचं आणि पुन्हा तेवढंच चालत यायचं. शिवाय राग कुणाच्या मनात आहे ते पाहा. तुझ्या नव्हे, त्याच्या. माझं मन साफ आहे म्हणून सुटका नाही.

मंडळीतल्या एका बांधवाशी माझं बिनसलं होतं. कित्येक रविवार मी खांबाआड बसायचो, म्हणजे तो दिसू नये. गाणी मनापासून म्हणायचो, प्रार्थनेत डोळेही भरून यायचे. एकदा प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला, गुडघे टेकले आणि बघतो तर शेजारी तोच. भाकर घ्यायला पुढे केलेले त्याचे हात थरथरत होते. माझी प्रार्थना पुढे सरकेना. मी उठलो, बाहेर जाऊन थांबलो. तो आल्यावर त्याच्याशी बोललो. फार काही नाही, चार वाक्यं. पुढच्या रविवारी मी खांबाआड बसलो नाही.

पहिल्या शतकात ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीत खाऊनपिऊन सुखी असलेले आधी जेवून घेत आणि बाकीचे उपाशी राहत. प्रेषित पौल त्यांना पत्रातून स्पष्ट सांगतो की तुम्ही जेवता ते प्रभुभोजन नव्हेच. उपाय मात्र साधा: एकमेकांसाठी थांबा. रविवार विश्रांतीचा ठरला तो रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या 321 सालच्या आज्ञेनं. त्याआधी दास आणि मजूर बहुधा काम आटोपूनच यायचे, उशिरा, थकलेले.

आजही कुणीतरी उशिरा येतो आणि दारात घुटमळतो. माना वळतात. त्याच्यासाठी बाकावर जरा सरकून घेणं, चालू गीताचं पान काढून पुस्तक त्याच्या हातात देणं, हे मी उपासनेतच धरतो.