घाटावरचा समुद्र

(दृश्य: सौंदत्तीचा डोंगर, यात्रेची गर्दी. जोगतिणीच्या गळ्यातली कवड्यांची माळ, अगदी जवळून.)

बेळगाव जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरी समुद्रातले जीव इथं घरोघरी आहेत. यल्लम्माच्या माळेत कवडी आहे. देवघरात शंख आहे. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन मिळतो. कवडी म्हणजे उथळ, उबदार समुद्रात राहणाऱ्या एका गोगलगायीचं कवच. पूजेचा शंख प्रामुख्यानं तमिळनाडूच्या बाजूच्या, मन्नारच्या आखाताकडच्या समुद्रातून येतो. समुद्रफेन हा काही फेस नव्हे, तो माकुळाच्या जवळच्या नात्यातल्या सेपियाच्या पाठीतला पांढरा, हलका पाटा.

यांना घरात मान आहे आणि तो राहावा. पण अभ्यासकानं माळेतली एखादी कवडी हातात घेऊन विचारलं, की ही कोणत्या किनाऱ्यावर, कोणत्या वर्षी, किती खोल पाण्यात मिळाली, तर उत्तर मिळणार नाही. याच जातीची कवडी नोंद करून, चिठ्ठी लावून कपाटात ठेवली, की तिचा नमुना होतो. घाटावरच्या बेळगाव शहरात असे नमुने सांभाळले जातात. ते कसे, ते आज बघू.

(दृश्य: बेळगावातल्या एका जुन्या कॉलेजचा प्राणिशास्त्र विभाग. काचेच्या बाटल्यांनी भरलेली कपाटं. बाहेर पाऊस.)

ही खोली कॉलेजचं म्युझियम. पाठीचा कणा नसलेले, म्हणजे अपृष्ठवंशी सागरी प्राणी इथं रांगेनं मांडले आहेत. स्पंज, जेलीफिश, समुद्रफूल, तारामासा, सी अर्चिन, समुद्रकाकडी, माकूळ, खेकडे. बरेचसे जुन्या सहलींतून आलेले. आंबोली उतरून वेंगुर्ले-मालवण किंवा चोर्ल्यानं गोवा, ओहोटीच्या वेळी खडकांत फिरायचं आणि बरण्या घेऊन घाट चढायचा, अशी या विभागाची रीत होती. काही प्राणी पांढऱ्या दोऱ्यानं काचेच्या पट्टीला बांधलेत, म्हणजे विद्यार्थ्याला सगळे अवयव समोरून दिसतात.

(दृश्य: टेबलावर एक उंच बाटली. विभागातले मामा आणि एक विद्यार्थिनी काचेचं बूच उघडायचा प्रयत्न करताहेत.)

"जोर लावू नको की. काच आहे ती. गरम पाण्याचं फडकं दे गुंडाळायला."

मामा या विभागातले जुने परिचर. बाटलीच्या गळ्याला गरम फडकं गुंडाळलं की बाहेरची काच किंचित प्रसरण पावते, आतलं वंगण सैल होतं आणि बूच सुटतं. नुसत्या जोरानं गळा तुटतो.

या बाटलीत समुद्रकाकडी आहे. बाहेरून बघाल तर झकास. आकार शाबूत, रंगही बराचसा टिकलेला. पण समुद्रकाकडीची जात बाहेरच्या रूपावरून खात्रीनं सांगता येत नाही. तिच्या कातडीत चुन्याचे अतिसूक्ष्म कण असतात. सूक्ष्मदर्शकाखाली कुणाचे बटणासारखे दिसतात, कुणाचे छोट्या टेबलासारखे, तर काही जातींत चक्क नांगरासारखे. त्या कणांवरून जात ओळखतात.

आणि ही बाटली फॉर्मलिनची. बाजारातल्या फॉर्मलिनमध्ये साधारण ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड असतं. त्याच्या एका भागात नऊ भाग पाणी घातलं की झालं दहा टक्के फॉर्मलिन. ऊती कुजायची थांबवायला हे द्रव उत्तम. पण ते जुनं होत जातं तसं त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं, आणि आम्लात चुना विरघळतो. वर्षानुवर्षं या द्रवात राहिलेली समुद्रकाकडी दिसायला तशीच दिसते, पण तिच्या कातडीतले कण गेलेले असतात. म्हणजे जात ओळखायची खूणच गेली. तारामाशाचंही तेच, सांगाडा विरघळून तो लिबलिबीत होतो.

यावर उपाय स्वस्त आहे. फॉर्मलिन करतानाच त्यात बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार घालायचा. तो आम्ल मारतो. शिवाय नमुना कायमचा फॉर्मलिनमध्ये ठेवायचाच नाही. ऊती पक्क्या झाल्या की पाण्यात धुऊन आधी ३० टक्के, मग ५०, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये, अशा पायऱ्यांनी न्यायचा. एकदम कडक अल्कोहोलमध्ये टाकला तर अंगातलं पाणी झपाट्यानं निघून तो आक्रसतो. अंगावर चुना असलेल्या प्राण्यांना शक्य तर फॉर्मलिन दाखवूच नये.

माणसाच्या बाजूनंही हे बोलायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. म्हणून इथं आधी खिडक्या उघडतात, हातमोजे चढवतात, मगच बाटल्या उघडतात. डोळे चुरचुरतात तेवढं चालायचंच, असं म्हणून वर्षं काढलेली परिचर मंडळी अनेक कॉलेजांत आहेत. त्यांच्या तब्येतीची काळजी घेणं हा संग्रह सांभाळण्याचाच भाग आहे.

(दृश्य: स्पिरिटचा कॅन. काचेच्या नळीत तरंगणारा हायड्रोमीटर.)

अल्कोहोल मात्र इथलंच. जिल्हाभर ऊस, ठिकठिकाणी साखर कारखाने, आणि मळीपासून स्पिरिट काढणाऱ्या आसवन्या. तरी कॉलेजला ते मिळवायला अबकारी खात्याचा परवाना लागतो आणि वापराची नोंद ठेवावी लागते.

एप्रिल-मे महिन्यांत बाटल्यांतली पातळी उतरते. बुचाच्या फटीतून द्रव उडतं. पाण्यापेक्षा अल्कोहोल लवकर उडतं, त्यामुळे मागे राहिलेलं द्रव ७० टक्क्यांचं राहत नाही, पातळ होतं. वरून पुन्हा ७० टक्क्यांचंच ओतत राहिलं तर बाटली भरलेली दिसते, पण आतला जोर दरवर्षी थोडा कमी होतो, आणि एक दिवस नमुना मऊ पडून सुटायला लागतो. म्हणून आधी हायड्रोमीटरनं अल्कोहोलचं प्रमाण मोजायचं. थोडं उतरलं असेल तर जरा कडक अल्कोहोल घालून सावरायचं. फारच उतरलं असेल तर सगळं द्रव बदलायचं.

(दृश्य: लाकडी खणातले शंख-शिंपले. काहींवर पांढरी भुकटी.)

आता पाऊस. बेळगावचा पाऊस माहीत असलेला माणूस या खणात पांढरी भुकटी बघून म्हणेल, बुरशी आली. ही बुरशी नव्हे. बंद लाकडी खणात लाकडातून आम्लाची वाफ सुटते. दमट हवेत ती कवचातल्या चुन्याशी संयोग पावते आणि वर क्षारांची पांढरी पूड धरते. १८९९ मध्ये बाइन नावाच्या इंग्रज अभ्यासकानं याचं वर्णन केलं, म्हणून याला बाइनचा रोग म्हणतात. त्याला हे जंतूंचं काम वाटलं होतं. खरं कारण पुढं कळलं. असं कवच पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवायचं आणि पुन्हा त्या खणात ठेवायचं नाही. पत्र्याचं कपाट घ्यायचं. कापसाची गादी आणि साधा पुठ्ठाही काढून टाकायचा.

(दृश्य: मासळी बाजार, सकाळ. बर्फावर खेकडे. विद्यार्थिनी मासळीवालीशी बोलतेय.)

"मावशी, हे खेकडे कुठनं आले?"

"कारवारचे हायत की. पहाटेच्या गाडीतनं उतरलेत."

"नक्की कारवार? गोव्याचे नाहीत?"

"गाडी कारवारची बाई. दर्यात कुठं धरलं ते मी कसं सांगू?"

मावशींचं उत्तर शंभर टक्के शास्त्रीय आहे. पाठीवर तीन ठिपके असलेला हा खेकडा आज संग्रहात जाणार. चिठ्ठीवर ठिकाण काय लिहायचं? नुसतं 'बेळगाव' लिहिलं तर उद्या कुणाला वाटेल, सागरी खेकडा घाटावर सापडला. नुसतं 'कारवार' लिहिलं तर आपल्याला माहीत नसलेली गोष्ट खात्रीनं लिहिल्यासारखं होईल. म्हणून चिठ्ठी अशी होते: 'बेळगाव मासळी बाजारात विकत घेतला. विक्रेतीच्या सांगण्यानुसार माल कारवारचा. पकडल्याची जागा व खोली अज्ञात.' खाली तारीख आणि घेणाऱ्याचं नाव. रंग अल्कोहोलमध्ये फिका पडतो, त्यामुळे त्याआधी फोटो, आणि फोटोवर तोच क्रमांक.

चिठ्ठी बाटलीच्या आत जाते. बाहेरचं लेबल गळून पडतं, कसर खाते, डिंक सुटतो. आतली चिठ्ठी जाड सुती कागदाची, आणि लिहायचं पेन्सिलीनं किंवा चिनी शाईनं. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. लेझर प्रिंटरची अक्षरं काही काळानं सुटून तळाशी बसतात, मग बाटलीत कोरा कागद उरतो.

नाव बदललं तरी जुनी चिठ्ठी काढायची नाही. मघाचीच कवडी घ्या. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५८ मध्ये तिला सायप्रिया मोनेटा म्हटलं. आज ती मोनेटारिया मोनेटा आहे. बाटलीत नवी चिठ्ठी जुनीच्या शेजारी बसते, त्यामुळे कुणी, केव्हा, काय ठरवलं ते सगळं एकत्र राहतं.

एवढा खटाटोप कशासाठी, असं पालकही विचारतात. एक उदाहरण देतो. कॅरिबियन बाजूचा मायटिलॉप्सिस सॅलेई नावाचा लहान शिंपला जहाजांना चिकटून आपल्याकडे आला. १९६७ च्या सुमारास विशाखापट्टणम बंदरात तो दिसला, नंतर मुंबईतही. बंदरातल्या वस्तूंवर तो थरच्या थर धरतो. असा पाहुणा नवा आहे की मुळापासून इथलाच आहे, हे सांगायला त्या किनाऱ्याचे जुने, तारीखवार नमुने लागतात. आंबोली उतरून आणलेली एखादी जुनी बाटली, चिठ्ठी शाबूत असेल, तर कोकणच्या खडकांबद्दल अशीच साक्ष देते.

आणि ती बाटली पुन्हा भरता येत नाही. २००१ मध्ये समुद्रकाकड्या, प्रवाळखडक बांधणारी प्रवाळं, सी फॅन म्हणजे पंख्यासारखी प्रवाळं यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत घेतलं. विनापरवाना ते गोळा करणं गुन्हा आहे, आणि तो तसाच असावा. २०११ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानंही वर्गातली चिरफाड टप्प्याटप्प्यानं थांबवायच्या सूचना दिल्या. जे प्राणी आधीच बाटलीत आहेत, त्यांच्यावरच पुढच्या मुलांचं शिक्षण होणार. ते नीट ठेवणं आपण त्या प्राण्यांचं देणं लागतो.

नवे नमुने आता थोडेच घेतात, पण घेताना पुढचा विचार करतात. फॉर्मलिनमुळे डीएनएचे तुकडे पडतात, ते वाचणं अवघड जातं. म्हणून खेकड्याच्या पायाचा छोटा तुकडा वेगळ्या कुपीत, ९५ टक्के अल्कोहोलमध्ये.

(दृश्य: नोंदवही. मामा क्रमांक वाचतात, विद्यार्थिनी बाटली शोधून हात वर करते.)

पावसाळ्याआधी वर्षातून एकदा हजेरी होते. मामा नोंदवहीतला क्रमांक मराठीत पुकारतात, दुसऱ्या कपाटाजवळचे सहकारी तोच कन्नडमध्ये पुकारतात, आणि बाटली सापडली की खूण होते. नोंदवहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून तो तीन ठिकाणी ठेवलाय. वही कसरीनं खाल्ली तर क्रमांक लिहिलेल्या शेकडो बाटल्या मुक्या होतील.

कॉलेजांत जागेची चणचण वाढली की पहिली नजर अशा खोलीवर जाते. खोली खरंच रिकामी करायची वेळ आली, तर बाटल्या भंगारात देऊ नका आणि द्रव गटारात ओतू नका. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था १९१६ पासून नमुने सांभाळायचं काम करते, तिचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग कारवारला आहे. आधी त्यांना नोंदवहीचे फोटो पाठवा. कुठल्या बाटल्या हव्यात ते त्या यादीवरून त्यांना सांगता येईल. बाटली हलवताना तिचा मूळ क्रमांक खोडू नका, आणि ती कुठं गेली ते जुन्या वहीत त्याच ओळीसमोर लिहून ठेवा.