आखाजीची घागर

(दृश्य: रिकामी वाट, निंबाची सावली)
जळगाव. मे महिना, सकाळचे पावणेसात. आणखी तीन तासांनी या फरशीवर अनवाणी उभं राहता येणार नाही.

कॉलनीचा लेआउट मंजूर होताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. कागदावर तिचं नाव 'ओपन स्पेस'. एरवी तिथे गाजरगवत माजतं, नाहीतर कुणाचा तरी ट्रॅक्टर उभा राहतो. इथे रहिवाशांनी कढीपत्ता लावला, शेवगा, अडुळसा, गवती चहा आणि गिलक्यांचा मांडव. पगारी माळी नाही. निंबाच्या खोडाला टांगलेली ही पाटी म्हणजेच इथलं ऑफिस. कोणत्या वारी पाणी घालायची पाळी कोणाची, एवढंच तिच्यावर.

(दृश्य: ओसरीवर पूजलेली घागर, तिच्यावर डांगर)
अक्षय्य तृतीया, म्हणजे खान्देशची आखाजी. पितरांच्या नावाने नवी घागर भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं. नवी घागर आली की घरातला जुना माठ अडगळीत जातो. या कॉलनीत तो बागेत येतो.

(दृश्य: माठ घासणारे हात)
पण आला तो प्रत्येक माठ चालत नाही. बोअरच्या पाण्याचे क्षार बसून मातीची छिद्रं बुजतात. असा माठ पाणी गार करत नाही आणि झिरपवतही नाही. म्हणून विटेचा तुकडा, काथ्या आणि या काकूंचा हात. हे घासणं आम्ही चार मिनिटं चित्रित केलं होतं, कापताना जिवावर आलं. घासलेला माठ रात्रभर भरून ठेवायचा. सकाळी अंगाला घाम फुटला तर तो पास.

(दृश्य: खड्डा, माठ, माती)
पास झालेला माठ मानेपर्यंत पुरायचा. वर मातीची झाकणी, नाहीतर पाणी उडतं आणि डासांची सोय होते. रोपं वीतभर अंतरावर. भोवतालची माती सुकली की माठातलं पाणी ओढून घेते, ओली असली की झिरपणं मंदावतं. मुळं आपोआप माठाच्या दिशेने येतात. पाइप सोडला असता, तर हेच पाणी काळ्या मातीच्या भेगांतून खाली गेलं असतं आणि वर राहिलेलं उन्हाने नेलं असतं. नळाला रोज पाणी येत नाही, तिथे पाइपाची चैन परवडत नाही.

(दृश्य: ट्रॉली, केळीचे खांब)
केळीचे घड ट्रकने परराज्यांत जातात, खांब मात्र शेतातच पडतो. त्यात दहातले नऊ भाग पाणी. एका शेतकऱ्याने ट्रॉलीभर पोचवले. उभा चिरून बुंध्याशी पालथा घातला की खालची माती आठवडाभर निवांत.

मागच्या सुटीत बरेच जण गावी गेले, पाळ्या चुकल्या, सात झाडं वाळली. या जागेवर सभागृह बांधायचा प्रस्तावही आहे.

(दृश्य: निंबाला झोका, मुली)
आखाजीचा झोका अजून सोडलेला नाही.

(दृश्य: झाकणी उचलताना, जवळून)
आजची पाळी या आजोबांची. बादली टेकवली, झाकणी काढली, कोपरापर्यंत हात आत घातला. बोटं तळाला लागली.

"वेल प्यायला सगळं," ते म्हणतात, आणि बादली ओततात.