टोक कुठंय?

(काळा पडदा. दोरी ओढल्याचा आवाज, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन धरतं. मग वाडी दिसते.)

३ जून २०२०. दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर. श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्यांमध्ये पोफळी एकमेकींवर रेलल्या, त्यांच्यावर माड कोसळले, माडांखाली गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, गेले, आणि त्या सगळ्यात कुठेतरी विजेची तार. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं आणि कोकणानं हे पुन्हा पाहिलं.

एवढं लाकूड कोयत्या-कुऱ्हाडीनं हटत नाही. मग मशीन येतं. कुणी त्याला कटर म्हणतं, कुणी चेनसॉ. वादळानंतरच्या घाईत ते अशाही हातांत जातं, ज्यांनी आदल्या दिवसापर्यंत त्याची दोरी ओढलेली नसते.

(बारचं टोक, अगदी जवळून. टोकाचा वरचा पाव भाग खडूनं रंगवलेला.)

ही लांब पट्टी म्हणजे बार. तिच्या कडेनं चेन धावते. आणि खडूनं रंगवलेला भाग आहे तो टोकाचा वरचा पाव हिस्सा. पेरूच्या फोडीएवढी जागा. या मशीनचा धाक धरायचा तो आधी इथे.

चेन वरच्या बाजूनं पुढे जाते, टोकाशी वळते, खालून परत येते. पूर्ण रेसवर सेकंदाला साधारण २० मीटर, म्हणजे ताशी ७० किलोमीटरच्या आसपास. टोकाशी वळताना दात पुढे आणि खाली चाललेला असतो. तिथे तो लाकडात अडकला आणि लाकूड जागचं हललं नाही, तर हलायचं कुणी? बारनं. तो वर उसळतो आणि मागे येतो, म्हणजे मशीन धरणाऱ्याच्या तोंडाकडे, गळ्याकडे. याला किकबॅक म्हणतात. आपण उसळी म्हणू. ‘अरे’ म्हणायला तोंड उघडेपर्यंत ती होऊन गेलेली असते. सेकंदाचा दहावा हिस्सा, फार तर. चपळ माणसाचे हातही तेवढ्यात हलत नाहीत, त्यामुळे ‘मी सांभाळून घेईन’ या बोलण्याला काही अर्थ नाही.

(पडलेला फणस. कापणारा मशीन बंद ठेवून खोडाभोवती फिरतो.)

उभ्या झाडात टोक कुठे जाणार ते दिसतं. पडझडीत दिसत नाही. समोरची फांदी कापताना टोक तिच्या पलीकडे निघतं, आणि पलीकडे झावळ्यांखाली दुसरं खोड असतं. किंवा गडग्याचा चिरा. म्हणून हे काका आधी कोयता घेतात. बारीकसारीक तोडून टाकतात, पलीकडचं मोकळं करतात, मग मशीनकडे वळतात. बरोबरचा पोरगा पलीकडच्या बाजूनं, चांगल्या अंतरावर उभा. त्याचं काम एकच, विचारायचं.

‘काका, टोक कुठंय?’

‘दिसतंय रे. माझ्या समोर नको येऊस.’

(मशीन जमिनीवर.)

सुरू करताना मशीन जमिनीवर, ब्रेक लावलेला, मागच्या मुठीत उजव्या पायाचा पंजा, डावा हात पुढच्या मुठीवर. एका हातात लोंबतं धरून दुसऱ्या हातानं दोरी ओढायची ऐट मोबाइलवर फार दिसते. ती करताना धावती चेन मांडीपासून किती लांब असते, ते एकदा बंद मशीन तसंच धरून बघावं.

पकड. डावा हात पुढे, उजवा मागे, डावखुऱ्यानंसुद्धा. डावा अंगठा मुठीच्या खालून वेढा घालून. बोटांच्या बाजूला अंगठा ठेवला की उसळीत मूठ सुटते. अंग बारच्या रेषेत नको, किंचित डावीकडे. आणि मशीन खांद्याच्या वर कधीच न्यायचं नाही. शिडीवर चढून तर नाहीच.

पुढच्या मुठीसमोर ही काळी ढाल आहे, हाच ब्रेक. ती नुसती हाताला लागू नये म्हणून नाही. बार उसळला की डाव्या मनगटाच्या धक्क्यानं, किंवा झटक्याच्या जोरानं आपोआप, ती पुढे ढकलली जाते आणि चेन जागच्या जागी थांबते. रोज काम सुरू करायच्या आधी मशीन जमिनीवर ठेवून, क्षणभर रेस देऊन, मनगटानं ढाल ढकलायची. चेन तत्काळ थांबली नाही तर त्या दिवशी ते मशीन घरी. ढाल मोडलेली मशीनं आम्ही पाहिली. मालक म्हणतात, चालतंय की. चालतं, खरंच.

(ओट्यावर बसून चेनला कानस मारणारे हात. बराच वेळ फक्त कानशीचा आवाज.)

आता थोडं थांबू, कारण खरी गडबड इथे होते.

चेनचे दात एक डावा, एक उजवा असे असतात. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनच्या जंगलात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं एका भुंग्याची अळी बघितली. डावीकडे, उजवीकडे जबडा चालवत ती लाकडातून उभी-आडवी आरामात जात होती. त्यावरून त्यानं चेनचा दात घडवला, आणि आजच्या चेनवर तोच घाट आहे. सोंड्या भुंग्याच्या अळीनं माड आतून पोखरलेला ज्यानं पाहिलाय, त्याला हे कौतुक जरा जड जाईल.

प्रत्येक दाताच्या पुढे एक बुटका उंचवटा असतो. त्याला गेज म्हणतात. दातानं एका वेळी किती लाकूड खायचं ते हा ठरवतो. दात आणि गेज यांच्या उंचीतला फरक बऱ्याच चेनवर ०.६५ मिलिमीटर असतो. नखाच्या जाडीच्या जवळपास. नारळाचं खोड बाहेरून कडक आणि तंतूंचं, वर किनाऱ्याची रेती, त्यामुळे धार लवकर जाते. मग कुणीतरी सुचवतं, गेज जरा जास्त घास, मशीन लाकूड खाईल. खातं. पण टोकाशी वळताना दात आधीच तिरका होऊन तोंड वासतो. गेज बुटका असला की तिथे तो मोठा लचका धरतो, आणि उसळी लागते. बोथट चेनही तितकीच वाईट, कारण मग माणूस जोर लावतो. गोल कानशीनं सगळ्या दातांना सारख्याच फेऱ्या मारायच्या, आणि गेजला हात लावायचा तो मापाची पट्टी ठेवूनच.

कपड्यांचं थोडक्यात. लुंगी नको, चप्पल नको. कानाला मफ, कारण हा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. डोळ्यांवर जाळी, पायात कडक बूट. चेनसॉची खास पँट मिळते. तिच्यात लांब धागे असतात, चेन लागली की ते ओढले जाऊन चेन फिरवणाऱ्या चक्रात गुंततात आणि मशीन अडकतं. महाग आहे. गावात चार जणांत एक घ्यावी.

(पुन्हा फणस. अर्धी मुळं हवेत.)

दोन्ही टोकांवर टेकलेलं खोड मधून खाली वाकायला बघतं. वरून पूर्ण कापत गेलं तर काप मिटतो आणि बार चिमटतो. म्हणून वरून तिसरा हिस्सा, उरलेलं खालून. एका बाजूनं अधांतरी फांदी असेल तर उलट, आधी खालून, मग वरून. खालून कापताना बारची वरची कड काम करते आणि मशीन आपल्या अंगावर ढकललं जातं, हे ध्यानात ठेवून पाय रोवायचे. तारा गुंतल्या असतील तर महावितरणनं लाइन बंद केल्याची खात्री झाल्याशिवाय हात लावायचा नाही.

या फणसाच्या मुळांचा खड्डा मोठा आहे. सकाळपासून शेजारची दोन मुलं त्याच्या काठावर बसून बघतायत. काकांनी मशीन बंद केलं.

‘उठा तिथून. आईकडे जा.’

मुलं गेली. काकांनी पोरग्याला खड्ड्याच्या भोवती एकदा फिरून यायला सांगितलं. तो फिरून आला. कुणी नाही, म्हणाला.

मशीन सुरू झालं. आधी वरून, मग खालून. खोड सुटलं, तसा बुंधा मातीसकट सावकाश मागे वळला, मग एकदम, आणि मुळं खड्ड्यात जाऊन बसली. झाड नव्हतं, पण बुंधा उभा होता. मुलं बसली होती ती जागा त्याच्या खाली होती.