टक् असा आवाज आला नाही तेव्हा

[दृश्य : अंधार. चढाचा रस्ता. सायकलच्या दिव्याचा हलता गोल. श्वास आणि चेनचा आवाज.]

पहाटेचे सव्वापाच. जुना कात्रज घाट. पुण्याकडून चढताना बोगद्याच्या आधी रस्ता पाय बांधून ठेवतो. इथे मागचा हलका गियर लागतोच. मी उजव्या हाताचा लिव्हर आत ढकलतो.

इथे एक आवाज यायला हवा. टक्.

आज येत नाही. लिव्हर नुसताच आत जातो आणि परत येतो, बिजागरीवर दार हलावं तसा. चेन होती तिथेच. पुन्हा दाबतो. पुन्हा. चौथ्या वेळी अचानक टक् होतं आणि चेन एक घर वर चढते. तोवर मी पॅडलवर उभा आहे आणि मांड्या भरून आल्या आहेत.

[दृश्य : दिवस. गॅलरीत स्टँडवर लावलेली सायकल.]

दुकानात सायकल दाखवली, तेव्हा दोन मिनिटांत निकाल मिळाला : शिफ्टर, म्हणजे गियर बदलायचा लिव्हर, गेला, जोडी बदला. शनिवारी ३०० किलोमीटरची बीआरएम होती, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. वेळ वीस तास. जोडी मागवून येईपर्यंत शनिवार निघून गेला असता. म्हणून सायकल घरी आणली आणि पहिल्यांदाच नीट बघायला बसलो. त्या संध्याकाळी जे कळलं, ते सांगण्यासाठी हा व्हिडिओ आहे.

आपण सगळे एकच वाक्य बोलतो : गियर स्लिप मारतोय. पण या एका वाक्यात तीन वेगळे आजार लपलेले असतात. कधी लिव्हर घसरतो. कधी लिव्हरपासून मागच्या चाकाकडे जाणारी वायर दगा देते. आणि कधी या दोघांचा काहीच दोष नसतो, चेनच दातांवरून उडी मारते. आजार कुठे आहे ते न बघता भाग बदलला, तर पैसे जातात आणि घाटात पुन्हा तेच होतं.

[दृश्य : खालच्या नळीवर दोन छोट्या पात्या असलेली जुनी रेसिंग सायकल.]

थोडं मागे जाऊ. जुन्या रेसिंग सायकलींना गियरच्या पात्या फ्रेमच्या खालच्या नळीवर असायच्या. त्यांना टक्-टक् काही नव्हतं. पाती ओढायची, कानाने ऐकायचं, चेन नीट बसली की सोडायची. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, त्याची स्प्रिंग वायरला सतत खाली खेचत असते. पाती जागेवर राहते ती फक्त घर्षणामुळे. अशा सायकलवर गियर आपोआप खाली घसरत असेल, तर पातीच्या मधोमध असलेला स्क्रू सैल झालेला असतो. तो हाताने किंवा नाण्याने आवळायचा. बहुतेक वेळा काम तिथेच संपतं.

१९८४ साली शिमानो कंपनीने ड्यूरा-एस या आपल्या रेसिंगच्या गियरसंचात खटक्यांचे गियर आणले, १९९० मध्ये ते ब्रेकच्या लिव्हरमध्येच बसवले. चालवणाऱ्याचा हात हँडलवरून सुटायचं कारण उरलं नाही. पण कानाचं काम आता एका यंत्राकडे गेलं, आणि त्या यंत्राला अचूक राहणं भाग पडलं.

किती अचूक? शिमानोच्या आठ गियरच्या कॅसेटवर, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचावर, एका चक्राच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर ४.८ मिलिमीटर. लिव्हर एका खटक्याला साधारण २.८ मिलिमीटर वायर ओढतो, आणि डिरेलर ती हालचाल १.७ पट करतो. अकरा गियरमध्ये चक्रांतलं अंतर जेमतेम ३.७ मिलिमीटर राहतं. त्यात वायर अर्धा मिलिमीटर जरी अडली, तरी चेन दोन चक्रांच्या मध्ये कुरकुरत राहते.

[दृश्य : फ्रीव्हील फिरताना. टिकटिक आवाज.]

लिव्हरच्या आत काय आहे, ते तुम्ही लहानपणापासून ऐकलेलं आहे. उतारावर पाय थांबवले की मागच्या चाकातून टिकटिक येते ना, तेच. एक दातेरी चकती आणि तिच्या दातात पडणारी छोटीशी खिटी. खिटीला केसासारखी बारीक स्प्रिंग दातात ढकलते. १९२१ मध्ये जपानच्या साकाई शहरात शिमानोने सुरुवात केली तीही फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकातला हाच टिकटिकणारा भाग, बनवण्यापासून. मला ही गोष्ट फार आवडते.

आता कल्पना करा, त्या खिटीभोवती कारखान्यात भरलेलं ग्रीस आहे. वर्षं जातात. ग्रीसमधलं पातळ तेल उडून जातं, मागे राहतो तो डिंक. घरातल्या शिलाई मशिनला कुणी खोबरेल घातलं की ते कसं जड होतं, तसंच. स्प्रिंग बिचारी ढकलते, पण खिटी डिंकात रुतलेली. लिव्हर सरकतो, दात पुढे जातो आणि खिटी त्यात वेळेवर पडतच नाही. गारव्यात हा डिंक आणखी घट्ट होतो. म्हणून पहाटे घाटात गियर पडत नाही, आणि दुपारी दुकानात मात्र एखादवेळी पडतो.

[दृश्य : खालच्या नळीजवळ उघडी वायर. बोटं ती धनुष्याच्या दोरीसारखी ओढतात.]

मग लिव्हर की वायर, हे कसं ओळखायचं? ज्यांची वायर फ्रेमच्या बाहेरून जाते, त्यांच्यासाठी सोपी परीक्षा आहे. सायकल स्टँडवर घ्या. चेन सगळ्यांत लहान चक्रावर असू द्या. एका हाताने पॅडल फिरवा आणि दुसऱ्या हाताने उघडी वायर नळीपासून हळूहळू बाहेर ओढा. चेन एकेक चक्र चढत वर गेली आणि सोडल्यावर सटासट खाली आली, तर डिरेलर आणि मागची वायर ठीक आहे. आता लिव्हर दाबा आणि नजर वायरवर ठेवा. लिव्हर हलतो पण वायर हलत नाही, खटकाही नाही : दोष लिव्हरमध्ये. खटका येतो पण चेन उशिरा सरकते, किंवा सोडल्यावर खाली यायला कुरकुर करते : बाहेरच्या कव्हरमध्ये, म्हणजे आउटरमध्ये, वायर अडते आहे. आपल्या पावसात ती बहुतेक मागच्या डिरेलरजवळच्या वळणात गंजते. पाणी आणि चिखल तिथेच साचतो.

माझा दोष लिव्हरमध्ये निघाला.

[दृश्य : रबरी कव्हर मागे गुंडाळलेलं. काळपट थेंब फडक्यावर पडतात.]

चेन लहान चक्रावर आणली, म्हणजे वायर सैल. रबरी कव्हर मागे गुंडाळलं. खाली फडकं धरलं, चाकाची रिम झाकली, कारण ब्रेक जिथे घासतो तिथे तेलाचा एक थेंबही नको. मग बारीक नळीने आत डब्ल्यूडी-४०, म्हणजे चिकटा सोडवणारा स्प्रे, मारलं आणि लिव्हर दाबत राहिलो. वीस वेळा, पन्नास वेळा, शंभर वेळा. आधी काही नाही. मग मधासारखा तपकिरी थेंब बाहेर आला. मग काळा. अर्धा तास थांबलो, पुन्हा मारलं, पुन्हा दाबलं. तिसऱ्या फेरीत एक खटका ऐकू आला, मग दोन. या कामात घाई करायची नाही. जुना डिंक विरघळायला वेळ घेतो, आणि बहुतेक लोक पहिल्या फेरीनंतर हात टेकतात. मी रात्रभर तसंच ठेवलं.

सकाळी आत हलक्या मशीन ऑइलचे चार थेंब सोडले. हे विसरायचं नाही. डब्ल्यूडी-४० धुवून काढायला चांगलं, पण कोरडं सोडलं तर धातूवर धातू घासतो. आणि तुमचे ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारे, असतील, तर लिव्हरमध्ये काहीही मारण्याआधी जाणत्या माणसाला दाखवा. आतल्या सीलला कोणतं द्रव चालतं, हा अंदाजाचा विषय नाही.

[दृश्य : रात्र. महामार्गाची कड. टॉर्चच्या उजेडात मागचं चाक.]

वायरचा आजार मात्र थांबत नाही. एका बीआरएमला खंबाटकी उतरून सुरूर फाट्याजवळ एक जण कडेला उभा दिसला. चेन सगळ्यांत लहान चक्रावर पडलेली, लिव्हर मोकळा. गियरची वायर १.२ मिलिमीटर जाडीची, अनेक तारांचा पीळ. लिव्हरच्या आत, तिच्या डोक्यापाशी, ती दर खटक्याला वाकते. एकेक तार तुटत जाते. आठवडाभर आधीपासून तो माणूस गियर जुळवण्यासाठी ॲडजस्टर, म्हणजे वायरचा ताण कमी-जास्त करणारा छोटा स्क्रू, फिरवत होता आणि दर दिवशी थोडा जास्त फिरवत होता. तीच सूचना होती. गियर पुन्हा पुन्हा बिघडत असेल, तर ॲडजस्टर सोडा आणि वायरचं डोकं बघा. एक तार जरी सुटलेली दिसली, तरी आणखी खटके मारू नका. सुटलेली टोकं आत दात्यात अडकली, तर चांगला लिव्हर खरोखर जातो.

त्या रात्री आम्ही डिरेलरवरचा एच लिहिलेला स्क्रू आत आवळला. डिरेलर आत सरकला, चेन एक चक्र वर बसली. फार काही नाही, पण अकरा दातांवर साताऱ्याला जाण्यापेक्षा पुष्कळ बरं. तो वेळेत पोहोचला.

तिसरा आजार, चेनचा, थोडक्यात. लिव्हर खटके देतो, गियर बरोबर पडतो, पण उभं राहून जोर दिला की पाय एकदम रिकामा जातो. इथे शिफ्टरला हातही लावू नका. चेनच्या कड्यांच्या बारा जोड्या (एक आतली कडी, एक बाहेरची) म्हणजे बारा इंच, नवी असताना ३०४.८ मिलिमीटर. एका पिनपासून पट्टी धरा. बाराव्या इंचाची पिन खुणेच्या पुढे एक षोडशांश इंच गेली असेल, तर चेन अर्धा टक्का लांबली आहे, बदलायची वेळ झाली. जुन्या झिजलेल्या कॅसेटवर नवी चेन टाकली तरी ती उडी मारते. आणि सायकल उजव्या अंगावर पडली असेल, तर डिरेलरचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा, मागून बघा. तो मुद्दाम मऊ असतो, फ्रेम वाचावी म्हणून आधी तोच वाकतो.

[दृश्य : पुन्हा घाट. यावेळी उजाडलेलं.]

शुक्रवारी सकाळी परत कात्रज. तेच वळण. लिव्हर आत ढकलला.

टक्.

बोगद्यापर्यंत मी कारण नसताना चार वेळा गियर बदलला. घरी आल्यावर नवी वायरही घातली, आणि हँडलच्या टेपखाली पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनाने तारीख लिहून ठेवली.