डाळ, फोडणी आणि आंबट

नमस्कार मंडळी. भारतीय जेवणाची ओळख करून द्यायची म्हटली की बहुतेक जण मसाल्यांची यादी वाचायला लागतात. ती मी वाचणार नाही. हळद, धने, जिरे, मोहरी, हिंग, मिरची ही मंडळी थोड्याफार फरकाने देशभर भेटतात, आणि तरीही पुण्यातली आमटी नि तमिळ सांबार डोळे मिटून वेगळी ओळखता येतात. डाळ दोन्हीकडे तूरच. मग फरक पडतो कुठे? तेल-तूप कोणतं, आंबट कोणतं, आणि मसाला नेमका कधी पडला, यात.

या टेबलावर दोन वाट्या आहेत. पहिलीत मोहरी कुटून, चमचाभर गार पाणी घालून दहा मिनिटं ठेवली आहे. वास घ्या, थेट नाकात जातो. दुसरीत तेलात तडतडलेली मोहरी आहे. चावून बघा, झणका जवळजवळ नाही, नुसता खमंगपणा. दाणा फुटून ओला झाला की त्यातलं एक विकर (एन्झाइम) जागं होतं आणि झणका तयार करतं. कडक तेलात ते विकर आधीच निकामी होतं. लोणच्यासाठी आपण मोहरी फेसतो ती पहिल्या वाटीतली. बंगाली माशाचं वाटणही तेच. फोडणीतली मोहरी दुसऱ्या वाटीतली. ज्यांना मोहरी ‘फक्त दिसायला’ वाटते, त्यांनी दोन्ही वाट्यांजवळून एकदा जाऊन यावं.

आता फोडणी. वाटीभर तूरडाळीच्या आमटीला दोन मोठे चमचे तेल, अर्धा छोटा चमचा मोहरी, तेवढंच जिरं, दोन चिमटी हिंग, पाव चमचा हळद, सात-आठ कढीपत्त्याची पानं. कढलं लहान आणि खोलगट घ्या. पसरट कढईत तेलाचा थर पातळ होतो, मोहरी अर्धी तरंगते आणि अर्धी जळते. तेल तापल्यावर आधी दोनच दाणे टाका. लगेच तडतडले तर बाकीची मोहरी घाला, नुसते बुडाशी बसले तर थांबा. तडतडणं ओसरू लागलं की जिरं, मग हिंग. कढीपत्ता धुऊन पुसलेला हवा, नाहीतर तेल हातावर उडतं. यानंतर गॅस बंद करा आणि मगच हळद घाला. हळदीचा पिवळा रंग तेलात उतरतो, पण ती करपायला फारसा वेळ लागत नाही, आणि करपली की कडू होते. लाल तिखटाचं तेच. मिसळीची लालभडक तर्री हवी असेल तर तिखट कोमट तेलात पडलं पाहिजे. धुरावलेल्या तेलात ते काळं पडतं आणि घरभर ठसका लागतो.

हिंगाबद्दल एवढंच की त्याचं झाड मुख्यतः अफगाणिस्तान-इराणकडचं. भारतात लागवडीचा प्रयत्न 2020 मध्ये हिमाचलमधल्या लाहौल खोऱ्यात सुरू झाला. डबीतल्या हिंगात पीठ किंवा डिंक मिसळलेला असतो, म्हणून तो खड्यापेक्षा सौम्य लागतो. प्रमाण डबी बघून ठरवा.

तर आमटी. डाळ आधी पूर्ण शिजवून घोटून घ्या. फोडणीवर डाळ ओता, दोन वाट्या गरम पाणी, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, दीड-दोन छोटे चमचे गोडा मसाला, मीठ. मंद आचेवर सात-आठ मिनिटं उकळू द्या. चिंच डाळीबरोबर कुकरमध्ये घालू नका. आंबटात डाळ मऊ पडत नाही. जुनी डाळ नि बोअरचं जड पाणी असेल तर मग चार शिट्ट्यांनीही दाणा टणटणीत राहतो. गोड्या मसाल्यात धने, तीळ, सुकं खोबरं आणि दगडफूल असतं. तीळ-खोबऱ्यामुळे आमटीला अंग येतं, आणि त्याचमुळे हा मसाला खवटही लवकर होतो. महिन्याभराचाच बाहेर काढा, बाकीचा फ्रिजमध्ये.

हीच तूरडाळ घेऊन तमिळनाडूत जाऊ. तिथे चिंचेच्या पाण्यात भाजी आणि सांबार पूड आधी उकळतात, कच्चा वास जाईपर्यंत. मग डाळ, आणि मोहरी-लाल मिरची-कढीपत्त्याची फोडणी शेवटी, बहुधा तिळाच्या तेलात. शेवटी पडल्यामुळे ती वरच राहते; पहिल्या घासाला फोडणी लागते, मग चिंच. गुजराती डाळ पातळ, तिच्यात गूळ आपल्यापेक्षा सढळ, आंबटाला कोकम किंवा लिंबू, फोडणीत लवंग-दालचिनी आणि डाळीत शेंगदाणे. उत्तर प्रदेशातली अरहर, म्हणजे तूरच, साध्या तुपाच्या हिंग-जिऱ्यावर भागते. आंबट हवं तर कैरी नाहीतर आमचूर. आमचूर उकळत ठेवू नका, उतरवताना घाला. बंगालमध्ये मसूर डाळीवर पाचफोडण येतं: मेथी, कलौंजी, जिरं, बडीशेप आणि राधुनी (ओव्यासारखं बारीक बी). राधुनी आपल्याकडे मिळत नाही, तिच्या जागी मोहरी चालते. बरेच जण सगळं सारख्या प्रमाणात घेतात. मेथीचे दाणे मात्र सोनेरीच राहिले पाहिजेत. तांबूस झाले की कडूपणा सगळ्या डाळीत उतरतो.

या सगळ्यात मिरची नवखी आहे. ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली, मूळची अमेरिकेतली. टोमॅटो-बटाटाही तिकडचेच, तेव्हा बटाट्याच्या भाजीला ‘पुरातन’ म्हणताना जरा दमानं. त्याआधी तिखटपणा मिरी, पिंपळी आणि सुंठीचा. मार्केट यार्डात मिरची घेताना रंग आणि जाळ यांचा हिशेब वेगळा ठेवा: ब्याडगी रंग देते, जाळ कमी; गुंटूर त्याच्या उलट. निम्मी-निम्मी दळून आणली तर घरच्या वापराला बरी पडते. जेवताना तोंड पोळलं तर पाण्याचा उपयोग नाही, कारण तो जाळ पाण्यात विरघळत नाही. दही किंवा दूध घ्या.

बिघडलेलं सावरायचं कसं, हे दरवेळी विचारतात. आंबट जास्त झालं तर थोडा गूळ. मीठ जास्त झालं तर बटाट्याची फोड टाकून फार फरक पडत नाही. शिजलेली डाळ आणि पाणी वाढवा. हळद करपून फोडणी काळी झाली असेल तर ती डाळीत ओतू नका, कढलं पुसून नवीन तेल तापवा.